सर्पिल दीर्घिकांच्या भुजा गुंडाळून कशा जात नाहीत?

धुऱ्यावरचा
राजेहो, हरभऱ्याचं ओलित सुरू आहे. लाइन रात्रीची. स्प्रिंकलर एकदा लावले की पाइप बदलेपर्यंत धुऱ्यावर बसून वर पाहण्याशिवाय दुसरं काम नसतं, म्हणून डोक्यात नको ते विचार येतात. भाची अकरावी सायन्सला आहे. तिच्याशी वाद घालता घालता एक हिशेब निघाला, तो इथे टाकतो.

सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून साधारण २६ हजार प्रकाशवर्षं दूर. एका फेरीला २२-२३ कोटी वर्षं. दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहात, ताऱ्यांचा वेग आत-बाहेर बराचसा सारखाच असतो म्हणे. मग १३ हजार प्रकाशवर्षांवरचा तारा तेवढ्याच काळात दोन फेऱ्या मारणार, कारण त्याची वाटच अर्धी. सूर्याचं वय ४.६ अब्ज वर्षं, म्हणजे त्याच्या २० फेऱ्या झाल्या. आतल्याच्या ४०. या दोघांना जोडणारी एखादी भुजा, म्हणजे केंद्राकडून वळत बाहेर जाणारा ताऱ्यांचा पट्टा, असती, तर आजवर तिचे २० वेढे पडायला पाहिजे होते. फोटोत पाहावं तर एक-दीड वेढ्याच्या वर काही दिसत नाही. हिशेबात गोम कुठं आहे?

पराटीवाला
लोकं रात्रीच्या लाइनीले शिव्या देऊन राह्यले अन तुम्ही वेढे मोजून राह्यले. कमाल हाय बाप्पा. कोणी उत्तर देईन तं मलेबी समजन असं लिहा, उगा इंग्रजी झाडू नका. मी बसलो इथंच.

मास्तर_अचलपूर
धुरेभाऊ, हिशेबात गोम नाही. याच हिशेबानं खगोलशास्त्रज्ञांनाही कित्येक वर्षं छळलं आहे. गोम आहे ती ‘दोघांना जोडणारी भुजा’ या तुमच्या गृहीतकात. ते रेडिओवाली ताई माझ्यापेक्षा नीट सांगतील, त्यांचा तो विषयच आहे. मी तोवर दीर्घिकेचे भाग लिहून ठेवतो, नाहीतर पुढची चर्चा अधांतरी राहील.

सर्पिल दीर्घिकेचा मुख्य भाग म्हणजे चपटी तबकडी. आपली आकाशगंगा सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंद, पण ताऱ्यांची मुख्य तबकडी जेमतेम हजारभर प्रकाशवर्षं जाड. वायू आणि धूळ इथेच, त्यामुळे नवे तारेही इथेच जन्मतात. मधोमध फुगवटा; त्यात बहुतेक म्हातारे, पिवळसर-तांबूस तारे. आपल्याकडे या मधल्या भागातून ताऱ्यांचा एक लांबट दंड आरपार गेलेला आहे आणि त्याच्या टोकांच्या आसपास भुजा सुरू होतात. यात आपलं विशेष काही नाही, आसपासच्या सर्पिल दीर्घिकांपैकी साधारण दोन तृतीयांश दीर्घिकांमध्ये कमी-जास्त ठळक असा दंड सापडतो.

ऐन केंद्रात ४० लाखांहून जास्त सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती गरगरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजून ते सिद्ध करणाऱ्या राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आणि या सगळ्या पसाऱ्याला वेढून ताऱ्यांचं विरळ तेजोवलय, त्यात दीडशेच्या वर गोलाकार तारकागुच्छ. ते सगळे फार जुने.

खगोलशास्त्रज्ञ हबलनं १९२६ साली दीर्घिकांची वर्गवारी केली, ती थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही चालते. फुगवटा मोठा आणि भुजा घट्ट आवळलेल्या असतील तर ‘एसए’, मधल्या असतील तर ‘एसबी’, फुगवटा लहान आणि भुजा सैल असतील तर ‘एससी’. दंड असला की एस नंतर आणखी एक बी. आपला नंबर दंडवाल्यांत, बी आणि सी यांच्या मधे कुठेतरी लागतो.

बुटीबोरी_इंजिनिअर
सर, एक मूलभूत शंका. आपण आकाशगंगेच्या आत बसलो आहोत. व्हॉयेजर १ सगळ्यात लांब गेलेलं यान, तेसुद्धा इतक्या वर्षांत साधारण एका प्रकाश-दिवसाएवढंच गेलंय. मग आकाशगंगेचे हे वरून काढलेले फोटो कोणी काढले? ‘तुम्ही इथे आहात’ असा बाण दाखवणारे?

मास्तर_अचलपूर
कोणीच नाही. ती चित्रं आहेत, मोजमापांवरून काढलेली. शाळेच्या भिंतीवर लावताना खाली तसं लिहीत नाहीत, हा माझा जुना राग आहे.

मोजमापांची गोष्ट मोठी आहे. विल्यम हर्शेलनं १७८५ साली वेगवेगळ्या दिशांचे तारे मोजून नकाशा काढला आणि सूर्य जवळपास मध्यावर ठेवला. साहजिकच होतं. धुळीमुळे लांबचे तारे दिसत नाहीत, मग चहूकडे सारखेच दिसतात आणि आपणच मधोमध आहोत असं वाटतं. हार्लो शॅप्लीनं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वेगळी युक्ती केली. त्यानं गोलाकार तारकागुच्छ मोजले, कारण ते धुळीच्या तबकडीच्या वर-खाली पसरलेले आहेत. त्यांची गर्दी धनू राशीच्या दिशेला निघाली. म्हणजे केंद्र तिकडे, आणि आपण कडेच्या बाजूला. अंतर त्यानं बरंच जास्त धरलं होतं, पण दिशा पक्की झाली.

भुजांचा पहिला धड पुरावा १९५१ चा. विल्यम मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी अतितप्त निळ्या ताऱ्यांची आणि त्यांच्या भोवतीच्या तेजोमेघांची (चमकणाऱ्या वायूच्या ढगांची) अंतरं मांडली, तर ते पट्ट्यांमध्ये बसले. त्याच वर्षी हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरी पकडल्या गेल्या. धूळ प्रकाशाला अडवते, या लहरींना नाही. तिथून मग पलीकडच्या बाजूचेही नकाशे निघू लागले.

रेडिओवाली
गुरुजींनी माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. हायड्रोजनचे हे संकेत ती दुर्बीणही टिपते. मी मूळची मंगरूळपीरची, सध्या पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते. आता धुरेभाऊंच्या वेढ्यांकडे येते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका: भुजांच्या मधल्या काळसर पट्ट्या रिकाम्या नसतात. तिथेही तारे भरपूर असतात. भुजा उठून दिसतात त्याचं मुख्य कारण ताऱ्यांची संख्या नाही. तिथे ‘कोणते’ तारे आहेत, हे कारण. सूर्याच्या वीसपट वजनाचा तारा हजारो सूर्यांएवढा निळा-पांढरा जळतो आणि १ कोटी वर्षांच्या आत-बाहेर संपतो. आपल्या अंतरावर एका फेरीला २२-२३ कोटी वर्षं लागतात. म्हणजे फेरीचा विसावा भाग होत नाही तोच तो मरतो. जन्मला त्या भागापासून फार लांब जायला त्याला वेळच मिळत नाही. सूर्यासारखे टिकाऊ तारे मात्र सगळीकडे पसरलेले असतात, पण मंद असल्यानं फोटोत त्यांचा भाव राहत नाही.

मग प्रश्न असा की नवे तारे पट्ट्यांतच का जन्मतात? १९६४ साली चिया-चियाओ लिन आणि फ्रँक शू यांनी घनता-तरंगांची कल्पना मांडली. स्वीडनचे बेर्टिल लिंडब्लाड त्या दिशेनं आधीपासून विचार करत होतेच. दिवस मावळताना गायकी गुरं घेऊन परततो तेव्हा रस्त्यावर काय होतं आठवा. मागे गाड्या तुंबतात. पुढची मोटरसायकल वाट काढून निघून जाते, मागून ट्रॅक्टर येऊन रांगेत लागतो. गर्दी कळपाच्या चालीनं सरकते, पण गर्दीतली वाहनं सारखी बदलत असतात. दीर्घिकेची भुजा ही ती गर्दी. तारे आणि वायू मागून येतात, थोडे दाटतात, पुढून निघून जातात. फरक एवढाच की तिथे कळप वेगळा नसतो, दाटलेल्या द्रव्याचं गुरुत्वाकर्षणच ती दाटी धरून ठेवतं.

ताऱ्यांना या दाटीचा फारसा फरक पडत नाही, त्यांच्यामध्ये अंतरं अफाट असतात. वायूचं तसं नाही. वायूचे ढग एकमेकांवर आदळून दाबले जातात आणि त्यांतून तारे बनतात. चांगल्या फोटोत भुजेची आतली कड निरखून पाहा: आधी धुळीची काळी रेघ, तिला लागून हायड्रोजनचे गुलाबी ठिपके, आणि त्यांच्या पुढे निळ्या ताऱ्यांचे पुंजके. दाबला जाणं, जन्मणं आणि मोठं होणं या क्रमानं. भुजेच्या आडव्या छेदात काळच मांडलेला असतो.

तेव्हा धुरेभाऊ, २० वेढे पडायला भुजा ही त्याच-त्याच ताऱ्यांची बनलेली पाहिजे. तशी ती नसते. फिरतो तो आकार, आणि तो स्वतःच्या एकाच चालीनं फिरतो.

पण हे सगळ्या दीर्घिकांना सरसकट लागू करू नका. दोन ठळक, लांबलचक भुजांच्या दीर्घिका आहेत, उदाहरणार्थ एम ५१. हिच्यातच १८४५ साली लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमधल्या त्यांच्या ७२ इंची दुर्बिणीतून सर्पिल आकार पहिल्यांदा पाहिला. तिच्या शेजारी एक लहान दीर्घिका आहे, तिच्या ओढीनं या भुजा ठळक झाल्या असं मानतात. उलट काही दीर्घिकांत नुसते तुटक तुकडे दिसतात, सलग भुजा नाहीच. तिथे घनता-तरंगाऐवजी ठिकठिकाणी ताऱ्यांची पैदास होते आणि आत-बाहेरच्या फेऱ्यांतल्या फरकानं ती ताणली जाते. संगणकावर तबकड्या फिरवून पाहिल्या तर पुष्कळदा भुजा बनतात, विस्कटतात, पुन्हा बनतात. एकच तरंग अब्जावधी वर्षं टिकतो की भुजा अशा येत-जात राहतात, यावर अजून भांडणं चालू आहेत. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

पराटीवाला
ताई, गायकी आला अन डोक्यात उजेड पडला. आता हे सांगा का आपला सूर्य भुजेत हाय का भाईर?

रेडिओवाली
भुजेतच, पण छोट्या. तिला मृग भुजा म्हणतात. केंद्राच्या बाजूला धनू भुजा, बाहेरच्या बाजूला ययाती भुजा, आणि मधे आपली तुकडेवजा. मृगातला तेजोमेघ आपल्याच भुजेत, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांनी जे सुटे सुटे तारे दिसतात ते जवळपास सगळे आपल्या याच आळीतले.

मुख्य भुजा किती, यावर दोन मतं. वायू आणि तरुण तारे मोजले तर चार निघतात. २००८ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीनं अवरक्त प्रकाशात जुने तारे मोजले तर दोनच ठळक निघाल्या. दोन्ही खरं असू शकतं, कारण वायू चारही ठिकाणी दाटेल आणि जुने तारे दोनच ठिकाणी.

सोयाबीन_उत्पादक
यानं भाव वाढेल का?

मेळघाटी
भावाचा धागा वेगळा आहे, तिथे आधीच मारामाऱ्या चालू आहेत. इथे बसा निवांत.

बुटीबोरी_इंजिनिअर
मला अजून एक पचत नाही. धुरेभाऊंनी सहज लिहून टाकलं की वेग आत-बाहेर सारखाच. असं कसं? सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटरनं पळतो, पृथ्वी ३० नं, नेपच्यून साडेपाचनं. केंद्रापासून लांब गेलं की वेग कमी व्हायलाच पाहिजे.

रेडिओवाली
बरोबर पकडलंत. दीर्घिकेचं बहुतेक वस्तुमान मध्यात असतं तर तसंच झालं असतं. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतल्या वायूच्या मेघांचे वेग मोजून १९७० साली प्रसिद्ध केले. बाहेर जावं तसा वेग घसरायला हवा होता, तो घसरलाच नाही. नंतर त्यांनी इतर कितीतरी सर्पिल दीर्घिका मोजल्या, तिथेही तेच. रेडिओवाल्यांनी हायड्रोजन वापरून ताऱ्यांची तबकडी संपते त्याच्याही पलीकडे मोजलं, तरी तेच. म्हणजे जिथे काही दिसत नाही तिथेही वस्तुमान आहे. त्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. दिसणारी तबकडी ही त्या मोठ्या, न दिसणाऱ्या गोळ्याच्या पोटात बसलेली आहे.

बुटीबोरी_इंजिनिअर
म्हणजे हिशेब जमेना म्हणून न दिसणारी वस्तू घुसवली. गुरुत्वाकर्षणाचा नियमच तिथे वेगळा असेल, असं का नाही म्हणायचं?

रेडिओवाली
म्हटलंय की. मोर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच मांडलं, आणि एकेकट्या सर्पिल दीर्घिकेच्या वेगांपुरतं ते आश्चर्य वाटावं इतकं जमतं. दीर्घिकांच्या मोठ्या समूहांकडे गेलं की अडतं. कृष्णद्रव्याचा कण अजून कोणी पकडलेला नाही हेही खरं. तरी आज पैज लावायची वेळ आली तर मी कृष्णद्रव्यावर लावीन, कारण ते एकाच वेळी अनेक ठिकाणचे हिशेब जुळवतं.

मेळघाटी
कागदावरचं पुष्कळ झालं. मी सेमाडोहच्या बाजूचा. जंगलात रात्री थांबू देत नाहीत, पण गावाबाहेर वावरात उभं राहिलं तरी पुरे. काय पाहायचं ते सांगतो.

आता हरभऱ्याच्या दिवसांत आकाशगंगा फिकी दिसते. तुमचं आकाश खराब नाही, तुम्ही बाहेरच्या बाजूला पाहत आहात. केंद्राच्या बरोबर उलटी दिशा वृषभ आणि सारथी यांच्या सीमेजवळ येते. तिकडे तबकडीचा थोडाच भाग उरतो. मे महिन्यात अंगणात बाज टाकून झोपता तेव्हा मध्यरात्रीनंतर दक्षिणेला पाहा, वृश्चिकाची नांगी आणि धनू यांच्याजवळ पट्टा सगळ्यात रुंद आणि दाट असतो. तो फुगवट्याकडचा भाग. आपल्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून ४० अंशांपर्यंत वर चढतो. लंडन-पॅरिसवाल्यांच्या नशिबी हे नाही, त्यांना तो क्षितिजाला घासून जाताना दिसतो.

पोळ्याच्या अमावस्येला ढग फाटले तर आणखी मजा. नऊच्या सुमारास पट्टा डोक्यावरून जातो आणि हंसापासून गरुडाच्या बाजूनं खाली त्याचे दोन फाटे झालेले दिसतात. मधली काळी जागा म्हणजे ताऱ्यांचा अभाव नाही, धूळ आडवी आली आहे. दूरच्या दीर्घिका आडव्या कडेनं दिसतात तेव्हा त्यांच्या मधोमध जी काळी रेघ असते, ती हीच. नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि फुकट दिसते.

आता देवयानी. दुसरी सर्पिल दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पाहायची तर हीच. भाद्रपदांचा चौकोन शोधा, त्याच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा सोडून पुढचा ठळक तारा धरा, तिथून शर्मिष्ठेच्या दिशेला वळा. दोन मंद तारे लागतील, दुसऱ्याच्या शेजारी पुसट डाग. सरळ रोखून पाहिलं तर नाहीसा होतो, नजर जरा बाजूला ठेवली की परत येतो, कारण डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला मंद उजेड जास्त कळतो. सध्या अंधार पडताच ती उत्तरेकडे डोक्याजवळ असते, मध्यरात्री वायव्येला उतरते. उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. भुजा दिसायची आशा ठेवू नका, तुम्हाला दिसतो तो मधला भाग. पूर्ण दीर्घिका फोटोत पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीनं ठेवावेत इतकी लांब भरते.

बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावा. आणि मोबाइल खिशात. एकदा स्क्रीन पाहिली की पुढची वीस मिनिटं वाया.

पराटीवाला
मेळघाटीभाऊ, रानडुकरं आले का लाल बॅटरीनं पळत नाईत ना.

मेळघाटी
डुकरांसाठी वेगळी मोठी बॅटरी ठेवा. दीर्घिका त्या वेळेपुरती विसरा.

धुऱ्यावरचा
काल स्प्रिंकलरच्या पाळीत सापडली. भाचीला आधी दिसली, मला नंतर. दुर्बीण घ्यायची तर कोणती?

मेळघाटी
मोठ्या स्टँडवाल्या दुर्बिणीच्या नादी लागू नका. १० बाय ५० ची दोन डोळ्यांची घ्या. पाइपांच्या गठ्ठ्यावर कोपर टेकवून पाहता येते, हात थरथरत नाही.

मास्तर_अचलपूर
भाचीला एक बातमी सांगा. २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली, नाव ठेवलं अलकनंदा. विश्वाचं वय अवघं दीड अब्ज वर्षं असतानाची ती आहे आणि तिला दोन नीट भुजा आहेत. इतक्या लवकर अशी शिस्तबद्ध तबकडी तयार झाली असेल, हे सहजासहजी पटणारं नव्हतं. तेव्हाच्या दीर्घिका ओबडधोबड आणि गोंधळलेल्या असणार, असा समज होता.

धुऱ्यावरचा
वा. भाचीचाच पुढचा प्रश्न टाकतो: दीर्घिका फिरते तेव्हा भुजांची टोकं फिरण्याच्या दिशेला असतात की मागे राहिलेली?

रेडिओवाली
मागे राहिलेली, जवळजवळ नेहमी. हे ठरवायला दोन गोष्टी लागतात. कोणती बाजू आपल्याकडे येते आणि कोणती लांब जाते ते प्रकाशाच्या वर्णपटावरून कळतं. तबकडी तिरपी असते, तिची कोणती कड आपल्या जवळची ते धुळीच्या रेघांवरून कळतं, कारण जवळच्या कडेची धूळ मागच्या फुगवट्यावर काळी उमटते. दोन्ही जुळवलं की उत्तर निघतं. देवयानी मात्र आपल्याला इतकी तिरपी दिसते की तिच्या भुजा सुट्या करतानाच दमछाक होते.

अपवाद आहे. नरतुरंग तारकासमूहात एनजीसी ४६२२ नावाची दीर्घिका आहे. तिच्यात दोन भुजा एका दिशेला उलगडतात आणि आतली एक भुजा उलट्या दिशेला, म्हणजे यांतली निदान एक भुजा टोक पुढे करून फिरते आहे. बाहेरच्या दोन भुजाच पुढे टोकं केलेल्या आहेत, असं हबल दुर्बिणीच्या फोटोंवरून निघालं. पूर्वी एखादी लहान दीर्घिका तिच्यावर आदळली असावी, असा तर्क आहे. भाचीला फोटो दाखवा आणि आतली भुजा तिलाच शोधू द्या.